पदवी अमर, सर्टिफिकेट तीन वर्षांचं

सिस्को कंपनीने १९९३ साली सीसीआयई नावाची परीक्षा सुरू केली. नेटवर्किंगच्या धंद्यातली ही सगळ्यात वरची पायरी. पास होणाऱ्याला एक क्रमांक मिळतो, आणि तो माणूस पुढे आडनावापेक्षा तो क्रमांकच जास्त अभिमानाने सांगतो. क्रमांकांची सुरुवात एकपासून करणं संगणकवाल्यांना शोभलं नसतं, म्हणून ती १०२४ पासून झाली. दोनाचा दहावा घात. आता हा पहिला नंबर कुठल्या हुशार पोराने पटकावला? कुणीच नाही. तो परीक्षेच्या लॅबलाच देऊन टाकला. माणसांची मोजणी १०२५ पासून. मराठी पालकांना हे न सांगितलेलंच बरं, कारण पुढचं वाक्य ठरलेलं आहे : "खोलीला जमलं, मग तुलाच काय धाड भरली होती?"

अर्थात, मराठी घरात हा विषय निघायला पोरगं आधी बी.ई. झालेलं असावं लागतं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. ज्या मुख्यमंत्र्यांचं स्वतःचं शालेय शिक्षण बेताचंच होतं त्यांनी महाराष्ट्रात इंजिनिअरांचं पीक काढलं, ही गोष्ट पदवीच्या भक्तांनी आणि विरोधकांनी आपापल्या सोयीने वापरावी अशी आहे. त्यानंतर माळरानावर कॉलेजं उभी राहिली, कॉलेजांभोवती झेरॉक्सची दुकानं उभी राहिली, आणि 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाचं उत्तर दोन अक्षरांत द्यायची सोय झाली.

नेटवर्क अॅडमिनिस्ट्रेटर व्हायचं असलेल्या मुलाला या दोन अक्षरांसाठी चार वर्षं काय काय करावं लागतं? पुण्यात असेल तर आधी एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, सोडवावा लागतो. राउटरला लाप्लास ट्रान्सफॉर्म येत नाही आणि तो कधी विचारतही नाही, पण एम-थ्री सुटल्याशिवाय राउटरपर्यंत पोचता येत नाही. मग तिसऱ्या वर्षाच्या आसपास 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' हा विषय येतो. त्यात टॅननबॉम आणि फोरोझान ही दोन दैवतं. प्रत्यक्षात पूजा मात्र अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या, 'अपेक्षित प्रश्नोत्तरं' देणाऱ्या पातळ पुस्तकाची.

या विषयाचं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे अलोहा. नॉर्मन अब्रॅम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलायचं. दोघं एकदम बोलले आणि टक्कर झाली, तर थोडं थांबून परत बोलायचं. या पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त १८.४ टक्के क्षमता कामी येते, हे गणिताने सिद्ध करून दाखवलं की चांगले मार्क पडतात. शेवटच्या बाकावरून ऐकलेल्या लेक्चरचा हिशोबही साधारण तेवढाच भरावा. दुसरं लाडकं प्रकरण आयपी पत्त्यांच्या क्लास ए, बी, सीचं. इंटरनेटने ही वर्गव्यवस्था १९९३ सालीच मोडीत काढली आणि सायडर ही बिनवर्गाची पद्धत आणली, पण ओरलला बसलेल्या एक्स्टर्नलपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. 'क्लास बी ची रेंज सांग' म्हटल्यावर जो पोरगा घडाघडा सांगतो तो सुटला.

आणि प्रॅक्टिकल. साठ मुलं, एक क्रिम्पिंग टूल. ते टूल कपाटात, कपाटाची किल्ली लॅब असिस्टंटकडे आणि लॅब असिस्टंट परीक्षा विभागात. मग केबलला कनेक्टर लावण्याचा प्रयोग फाइलमध्ये लिहून होतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. स्केचपेनने रंगवून, खाली 'निष्कर्ष : केबल यशस्वीरीत्या तयार झाली.' सही, शिक्का, सबमिशन संपलं.

पदवीला नुसतं हसून भागत नाही, हेही इथंच सांगायला हवं. ज्याने टीसीपीचं गर्दीनियंत्रण एकदा कागदावर नीट समजून घेतलंय, त्याला दहा वर्षांनी 'लिंक तर रिकामी दिसतेय, मग फाइल एवढी हळू का जातेय?' याचं उत्तर सापडतं. नुसत्या कमांड पाठ केलेला तिथं अडकतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास स्पॅनिंग ट्रीची पद्धत शोधली, म्हणून आज कुणी एकाच स्विचमध्ये केबलची दोन्ही टोकं खुपसली तरी अख्खं ऑफिस बंद पडत नाही. त्यामागे गणित आहे आणि ते गणित वर्गातच भेटतं. अडचण एवढीच, की तो दिवस दहा वर्षांनी येतो आणि पहिली नोकरी आत्ता हवी असते.

इथं क्लासवाले प्रवेश करतात.

नेटवर्किंगचे क्लास सहसा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर असतात. खाली झेरॉक्स किंवा मिसळ. आत एक लोखंडी रॅक, त्यात कुठल्याशा कंपनीने भंगारात काढलेले सिस्कोचे २९५० स्विच आणि १८४१ राउटर, आणि त्यांच्या पंख्यांचा असा आवाज की सरांना सबनेटिंग ओरडूनच शिकवावं लागतं. भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो. बोर्डावर '१०० टक्के जॉब असिस्टन्स'. 'असिस्टन्स'चा अर्थ पैसे भरल्यावर कळतो. तरी मान्य करायला हवं, की आयुष्यात पहिल्यांदा फिकट निळी कन्सोल केबल हातात देणारा माणूस हाच. कॉलेजात जे चित्रात दिसलं ते इथं बोटाला लागतं.

सर्टिफिकेटचा महिमा आजचा नाही. कॉम्पटिया या संघटनेने १९९३ मध्ये 'ए प्लस' आणि १९९९ मध्ये 'नेटवर्क प्लस' आणलं. सिस्कोचं सीसीएनए १९९८ चं. पण नव्वदच्या दशकात खरा राजा होता मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई. मागणी एवढी वाढली की प्रश्न आधीच फोडून देणारी 'डम्प' नावाची समांतर विद्याशाखा निघाली. मुलं पर्याय क्रमांकासकट पाठ करायची. सर्व्हर कधी चालू करून न पाहिलेल्या या मंडळींना धंद्यात 'पेपर एमसीएसई' हे नाव पडलं. अपेक्षित प्रश्नसंचावर वाढलेल्या आपल्या मुलांना डम्प म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही, एवढंच.

या एमसीएसईतल्या 'ई'ने तर कॅनडात कोर्ट पाहिलं. तो 'इंजिनिअर'चा ई. क्युबेक प्रांतात इंजिनिअर हे बिरुद कायद्याने राखीव आहे. तिथल्या इंजिनिअरांच्या अधिकृत संघटनेने हरकत घेतली, की चार परीक्षा देऊन कुणी इंजिनिअर होत नाही. २००४ साली न्यायालयाने मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या कंपनीला दोषी ठरवून १,००० डॉलर दंड केला. मायक्रोसॉफ्टला हजार डॉलर म्हणजे काय, हा हिशोब वाचकांनी करावा. पदवी विरुद्ध सर्टिफिकेट या वादात न्यायालयाने मोजलेली अधिकृत रक्कम मात्र तेवढीच सापडते. पुढे २०१२ मध्ये त्या 'ई'चा अर्थ बदलून 'एक्स्पर्ट' झाला आणि जानेवारी २०२१ अखेर एमसीएसईच निवृत्त झालं. ज्यांच्या लेटरहेडवर ते छापलं होतं त्यांची लेटरहेडं अजून संपायची आहेत.

आजच्या मुलाचा मुक्काम सीसीएनएवर. फेब्रुवारी २०२० पासून त्याचा एकच पेपर आहे. फी ३०० डॉलर आणि वर कर. पात्रता काहीही नाही : दहावी नापास, पीएच.डी., कुणीही बसावं. वेळ १२० मिनिटं. खरी गंमत सेंटरवर. घड्याळ, पाकीट, मोबाइल सगळं लॉकरमध्ये. खिसे उलटे करून दाखवायचे. चष्मासुद्धा काढून तपासतात. कच्च्या कामाला पुसता येणारी एक पाटी आणि मार्कर मिळतो. मांडी घालून पाटी गिरवलेल्या पिढीने असूया करावी असा प्रसंग. पण स्क्रीनवर प्रश्न सुरू झाले की मराठी विद्यार्थ्याची सारी परंपरा कोसळते. 'आधी येतात ते सोडव, बाकीचे नंतर बघ' हा बालवाडीपासून मिळालेला सल्ला इथं निकामी, कारण एकदा पुढे गेलात की मागचा प्रश्न परत उघडत नाही. पुरवणी नाही. 'थोडंफार लिहून ठेव, स्टेप्सचे मार्क मिळतात' नाही. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवून फेरतपासणीचा अर्ज करायचीही सोय नाही. नापास झालात तर पाच दिवस थांबा आणि ३०० डॉलर पुन्हा भरा. विद्यापीठात बॅक राहिलेला मुलगा एकाएकी विद्यापीठाबद्दल मायेने बोलू लागतो तो इथून.

समजा, पास झाला. आता नोकरी.

अर्जाचं पोर्टल उघडतं. 'हायेस्ट क्वालिफिकेशन'समोर यादी येते, त्यात बी.ई. आहे, बी.एस्सी. आहे, एम.बी.ए. आहे. तीन महिने रॅकच्या पंख्याखाली बसून मिळवलेलं सीसीएनए कुठे टाकायचं? 'अदर्स' नावाच्या रकान्यात, छंदांच्या शेजारी. त्याखाली 'दहावी, बारावी आणि पदवी, सर्वत्र ६० टक्के' ही अट. दहावीच्या भूगोलाने स्विचच्या पोर्टवर काय परिणाम होतो हे कुणी सांगत नाही, पण एच.आर.ला हजार अर्जांतून पन्नास निवडायचे असतात आणि भूगोल हाताशी असतो. अमेरिकेत मेरीलँड राज्याने मार्च २०२२ मध्ये हजारो सरकारी नोकऱ्यांची चार वर्षांच्या पदवीची अट काढून टाकायचं जाहीर केलं, त्यात माहिती तंत्रज्ञानातल्या जागाही होत्या. आपल्याकडे सरकारी जाहिरातीत पदवी पहिल्या ओळीत असते आणि सर्टिफिकेट असलंच तर 'प्राधान्य' या शब्दाच्या आडोशाला.

टेक्निकल राउंड ही त्यामानाने रंगतदार गोष्ट. समोर बसलेल्या साहेबाने बऱ्याच रात्री जागून काढलेल्या असतात, त्यामुळे त्याला कागदांचं कौतुक नसतं. सुरुवात '/२६ मध्ये किती होस्ट?' अशा सलामीने होते आणि '६२' हे उत्तर सगळेच देतात. मग साहेब खुर्चीत मागे रेलतो आणि एकच प्रश्न टाकतो : "एक यूजर म्हणतोय, माझं नेट चालत नाही. काय कराल?"

पहिला उमेदवार बी.ई., फर्स्ट क्लास. तो ओएसआयच्या सात थरांपासून सुरुवात करतो. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क... ट्रान्सपोर्टला पोचेपर्यंत चहा येतो, सेशनला पोचेपर्यंत संपतो. सगळं बरोबर सांगतो. यूजरचं नेट बंदच.

दुसरा सर्टिफाइड. "शो आयपी इंटरफेस ब्रीफ, सर. मग शो मॅक अॅड्रेस-टेबल, मग शो आयपी राउट." साहेब विचारतो, "कुठल्या स्विचवर?" इथं पंख्यांचा आवाज आठवून तो गप्प होतो. क्लासात दोनच स्विच होते.

तिसरा जरा दबकतच आलेला. तो उलट विचारतो, "साहेब, एकट्याचंच बंद आहे का सगळ्यांचं?"

साहेब सरळ बसतो. "एकट्याचं."

"काल चालत होतं?"

"होतं."

"मग काल संध्याकाळनंतर तिथं कुणी टेबल-बिबल हलवलंय का ते विचारतो. आणि त्यांना मशीनचा आयपी वाचायला सांगतो. १६९.२५४ ने सुरू होत असला, तर त्याला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच स्वतःला दिलाय. म्हणजे एक तर केबल नाही तर व्हीलॅन. आधी केबल बघतो. बहुतेक साफसफाईवाल्यांचा पाय लागलेला असतो."

हा तिसरा मुलगा महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात आहे. तो केबलवाल्याकडे कामाला होता. टीव्हीची केबल होती तोवर टीव्हीची ओढली, मग त्याच गच्च्यांवरून ब्रॉडबँडची ओढली, मग फायबर आली तशी स्प्लाइसिंग मशीन शिकला. पावसात कुठल्या सोसायटीचा स्विच जाणार हे तो ढग बघून सांगतो. सेक्रेटरीला गोड बोलून गच्चीची किल्ली मिळवणं हे कौशल्य त्याच्याकडे आहे. ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही आणि नेटवर्कच्या कामात रोज लागतं. नाही तो फक्त पदवीधर. त्यामुळे तो मुलाखतीपर्यंत पोचतो तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनेच पोचलेला असतो. पोर्टलने त्याला 'बारावी'वर केव्हाच गाळलेलं असतं.

यातली हुशार मुलं काय करतात? क्रम उलटा लावतात. आधी काम, कामाच्या पगारातून सीसीएनए, आणि सीसीएनएच्या जोरावर जरा बरी नोकरी लागली की नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घालतात. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने घरची जबाबदारी, शेती, पोलिसातली नोकरी असल्या कारणांनी राहून गेलेली किती शिक्षणं पुरी करून दिली आहेत. नाइट शिफ्टच्या मुलाला ते फार सोयीचं. रात्री तीन वाजता सगळे दिवे हिरवे असले की तो अर्थशास्त्राचं पुस्तक उघडतो. या लेखाला बाजू घ्यायचीच तर ती या क्रमाची : वडिलांनी दोन-चार लाख फी भरून आधी पदवी आणि मग तिसऱ्या मजल्यावरचा क्लास, यापेक्षा हा रस्ता स्वस्त आहे, आणि उमेदवाराला एम-थ्रीशिवाय दुसऱ्या कशाची तरी भीती वाटू लागते.

ती भीती म्हणजे चालू नेटवर्क. नव्या मुलाला पहिल्या महिन्यात हमखास येणारा एक अनुभव या धंद्यात कुणालाही विचारावा. दोन स्विचना जोडणाऱ्या ट्रंकवरून वीस-पंचवीस व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्कं, जात असतात. त्यात एक नवा घालायचा असतो, समजा तिसावा. मुलगा टाइप करतो 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' आणि एंटर मारतो. त्यात 'अॅड' हा शब्द राहिला. स्विच निमूटपणे बाकीचे सगळे काढून टाकतो आणि फक्त तिसावा ठेवतो. अकाउंट्स गेलं, कॅमेरे गेले, साहेबांचा फोन गेला. ज्या व्हीलॅनमधून मुलगा त्या स्विचवर शिरला होता तोही गेला, त्यामुळे चूक दुरुस्त करायला आत जाता येईना. मजल्यावर आधी शांतता, मग खुर्च्या सरकल्याचे आवाज, मग डोकी वर. सुदैवाने केलेलं सेव्ह करायला त्याला वेळच मिळालेला नसतो. पलीकडच्या इमारतीतल्या वॉचमनला फोन जातो : "काका, कपाटातल्या त्या हिरव्या दिव्यांच्या डब्याचा प्लग काढा. दहापर्यंत मोजा. परत लावा." स्विच जुनी, सेव्ह केलेली मांडणी घेऊन उठतो आणि सगळं पूर्ववत. त्या दिवशी कंपनीचं नेटवर्क ज्याने दुरुस्त केलं त्याच्याकडे पदवी नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं, फक्त कपाटाची किल्ली होती.

वर्षं जातात, मुलगा तयार होतो, आणि एक दिवस अमेरिकेचं नाव निघतं. इथं पदवी पुन्हा अंगात येते. एच-वन-बी व्हिसाला चार वर्षांच्या अमेरिकी पदवीच्या तोडीचं काहीतरी दाखवावं लागतं. पुण्याचा बी.सी.एस., मुंबईचा बी.एस्सी. आयटी तीन वर्षांचा. तो बहुतेकदा एका वर्षाने कमी पडतो. त्यावर तोडगा आहे आणि तो चक्क लेखी नियमात आहे : कामाचा तीन वर्षांचा अनुभव म्हणजे कॉलेजचं एक वर्ष. नेटवर्क चालू ठेवण्यात घालवलेली तीन वर्षं आणि कॅन्टीनमध्ये घालवलेलं एक, यांचा भाव सारखा. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स पदवी आणली, तेव्हा तिच्यावर अग्रलेख लिहिणाऱ्यांना राष्ट्रनिर्माण दिसलं. कोथरूडच्या काही घरांत आधी व्हिसा दिसला असणार.

आणि मग मुदत. पदवीला ती नसते. १९९४ साली टोकन रिंग वाचून मिळालेली बी.ई. आजही तितकीच बी.ई. आहे, दिवाणखान्यातली फ्रेम दर दिवाळीला पुसायची, बस्स. सीसीएनएवर मात्र दुधाच्या पिशवीसारखी तारीख असते. तीन वर्षं. तेवढ्यात पुन्हा परीक्षा द्या, वरची द्या किंवा ठरावीक शिक्षणाचे गुण जमवा, नाहीतर ते गेलं. यातला प्रामाणिकपणा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष ३०० डॉलरकडे असतं. हा भाग वधूपक्षाला समजावून सांगणं सगळ्यात अवघड.

"मुलाचं शिक्षण?" बायोडेटा चष्म्यापासून लांब धरत मुलीचे मामा विचारतात.

"मुक्त विद्यापीठाचा बी.ए. आहे. आणि सीसीएनए."

"सी.ए.? वा!"

"सी.ए. नाही हो. सीसीएनए. नेटवर्किंगचं. कंपनीत तेच चालतं. पगार खाली लिहिलाय."

मामा पगार वाचतात, मान डोलवतात. पगार सी.ए.च्या जवळपास जाणारा असतो. "पण हे कंसात काय लिहिलंय, 'व्हॅलिड अपटू मार्च'?"

"तीन वर्षांनी संपतं ते. मग परत परीक्षा द्यायची."

मामा थोडा वेळ विचार करतात, मग भाच्याला हाक मारतात. "अरे, जरा पंचांग आण बघू. मार्चच्या आतलाच मुहूर्त धरावा म्हणतो."